बाईची जागा

बाईच्या जागेवर बाईच बसली पाहिजे, याबद्दल हिंगणखोऱ्यात कधी दुमत नव्हतं. त्यामुळे सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं की आबासाहेब खराडे आपल्या घरातली एखादी बाई उभी करत, ती निवडून येई, आणि खुर्चीत आबा बसत. पहिल्यांदा बायको होती, पुढच्या खेपेला सून. बायको निदान झेंडावंदनाला तरी येई. सून तेवढ्यालाही येत नसे, कारण तिला ऊन सोसत नसे. आबांना लोक आधी सरपंचपती म्हणत, मग सरपंचसासरे म्हणू लागले, आणि शेवटी नुसतं सरपंच म्हणायला लागले, कारण तोंडाला तेच सोपं पडे.

केतकी लाड ही या परंपरेतली पहिली अडचण. ती स्वतः उभी राहिली, स्वतः निवडून आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः येऊन खुर्चीत बसली. बी.एस्सी. झालेली, चाळिशीला टेकलेली, उंच बाई. नवरा दिगंबर याचं फाट्यावर मोटार रिवायंडिंगचं दुकान. मूलबाळ नाही. प्रचारात आबांच्या माणसांनी तेवढाच मुद्दा लावून धरला होता. वरच्या वस्तीवरच्या बायकांनी तो ऐकून घेतला आणि मतं केतकीला टाकली, कारण त्यांना मूल नको होतं, पाणी हवं होतं.

पाण्याची गोष्ट साधी होती. गावच्या टाकीखालून एक लाइन गुपचूप आबांच्या उसाला गेली होती. गुपचूप म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं, पण कोणी बोलत नव्हतं. उसाचं पिऊन झालं की उरलेलं वरच्या वस्तीला चढायचं, चढलं तर. केतकीने पहिल्याच मासिक सभेत ठराव केला, उभं राहून ती लाइन तोडली आणि पाइपाच्या तोंडावर लोखंडी चकती बसवली. आबा नुसते म्हणाले, "बाईमाणूस हाय, दमंल."

तोलपट्टीचा नियम निघाला तो याच सुमारास.

कुठल्याशा जिल्ह्यात एका गड्याने साडी नेसून महिला राखीव जागेचा अर्ज भरला, अशी बातमी फिरत होती. तो गडी कोणी पाहिला नव्हता, जिल्हाही दर वेळी बदलत होता, पण बातमी इतकी फिरली की शासनाला दखल घ्यावी लागली. नवरे बायकांच्या जागा वर्षानुवर्षं चालवत होते, त्याची दखल घ्यायला शासनाला सवड झाली नव्हती. ते साडी नेसत नव्हते ना.

तोलपट्टी म्हणजे दंडाला चिकटवायची बोटाएवढी पट्टी. तिच्या पोटाला केसाहून बारीक सुया असतात आणि त्या कातडीखालच्या द्रवातून टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण अखंड मोजत राहतात. प्रमाण बायकांसाठी ठरवून दिलेल्या मर्यादेत असलं की हिरवा दिवा, बाहेर गेलं की तांबडा. मुळात हे यंत्र चांगल्या कामासाठी निघालं होतं, अंतःस्रावांच्या रुग्णांना सारखी सुई टोचून घ्यावी लागू नये म्हणून. मग ते सरकारला स्वस्तात मिळालं, आणि स्वस्तात मिळालेल्या यंत्राला काम शोधून देणं हे सरकारचं कर्तव्यच असतं. सरपंचांच्या सह्या तोवर संगणकावरून होऊ लागल्या होत्या. पट्टी सहीला जोडली. दिवा हिरवा असेल तर सही उमटणार. तांबडा झाला तर जैविक पडताळणी समितीपुढे हजर व्हायचं. जात पडताळणीची सवय असलेल्या राज्याला यात नवीन काही वाटलं नाही.

पट्ट्या लावायचा कार्यक्रम तालुक्याच्या सभागृहात झाला. बायका रांगेत उभ्या होत्या आणि त्यांचे नवरे त्यांच्या पर्सा धरून शेजारी उभे होते.

"नाव?" तंत्रज्ञ विचारी.

"सुरेखा," नवरा सांगे.

"काही त्रास? पाळी वगैरे?"

"नियमित आहे," नवरा सांगे.

हिरवा दिवा लागे आणि बाई महिला असल्याची नोंद होई. एका बाईचा दिवा जरा पिवळा झाला, तेव्हा तिच्या नवऱ्याने तंत्रज्ञाला बाजूला घेतलं आणि तो हिरवा झाला. केतकी एकटीच आली होती. तिच्या दंडावर तांबडा दिवा लागला. तंत्रज्ञाने पट्टी बदलली, मग दंड बदलला. दिवा बदलला नाही.

"मॅडम, काही इंजेक्शनं घेता का? जिमवाली?"

"नाही."

"मग मशीन बिघडलंय."

"बिघडलेलं नाही," केतकी म्हणाली. "त्याला जेवढं कळतं तेवढं ते बरोबर सांगतंय."

नवऱ्यांच्या हातातल्या पर्सा खाली आल्या. संध्याकाळी हिंगणखोऱ्यात ही बातमी केतकीच्या आधी पोचली होती.

केतकीला यात नवीन काही नव्हतं. सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही म्हणून आईने तिला मिरजेला नेलं होतं, आणि तिथे तेव्हा नव्यानेच रुजू झालेल्या डॉ. सबिहा मुजावर यांनी आवाज खाली न आणता सगळं सांगितलं होतं. गर्भ काही आठवड्यांचा होतो तेव्हा त्याच्या ग्रंथी ठरवतात, अंडाशय व्हायचं की वृषण. केतकीच्या पेशींत एक्स आणि वाय अशी गुणसूत्रं होती, म्हणून वृषणं झाली, पोटातच राहिली, आणि त्यांनी दोन निरोप धाडले. पहिला निरोप होता, गर्भाशय बांधू नका. तो पोचला, म्हणून तिला पिशवी नाही. दुसरा निरोप टेस्टोस्टेरॉनचा, शरीर पुरुषाचं घडवा. तो घ्यायला पेशीत एक ग्राही रेणू लागतो, आणि तो तयार करणाऱ्या जनुकातच केतकीच्या बाबतीत चूक होती. निरोप अंगभर हिंडला, कोणी घेतला नाही, आणि शरीर बाईचं घडलं.

"तालुक्याहून परिपत्रक निघतंय," डॉक्टर म्हणाल्या होत्या, "पण तुझ्या गावात ते उघडून वाचणारं कोणी नेमलेलंच नाही. तुझ्या मेंदूलाही ते वाचता येत नाही. त्याला वाटतं परिपत्रक निघालंच नाही, म्हणून तो स्मरणपत्रं धाडत राहतो आणि परिपत्रकांचा ढीग होतो. पण ढीग फुकट जात नाही. त्यातल्या थोड्या टेस्टोस्टेरॉनचं तुझं शरीर इस्ट्रोजेन बनवतं, आणि ते तुझ्या पेशींना व्यवस्थित वाचता येतं. तुझी छाती, तुझी हाडं, सगळा कारभार त्यावर चाललाय."

त्या ग्रंथी काढायच्या की ठेवायच्या, हे ती मोठी झाल्यावर तिनेच ठरवायचं असं ठरलं. तिने ठेवल्या आणि दरवर्षी तपासून घेतल्या. लग्नाआधी दिगंबरला हे सगळं तिने फाट्यावरच्या हॉटेलात सांगितलं होतं. त्याने भजी संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुखतं का कुठं?"

"नाही."

"मग काय," दिगंबर म्हणाला होता. "लाइनीत करंट आहे, मोटारीला जोडलेला नाही. एवढंच ना?"

या एका वाक्यावर तिने त्याच्याशी लग्न केलं. पुढे त्याच्यावर रागावताना तिला हे वाक्य आड येई.

समितीच्या तीन खुर्च्या होत्या. एकीत अध्यक्ष, निवृत्त अधिकारी. दुसरीत रक्त तपासणारे डॉक्टर. तिसरी खुर्ची महिला सदस्याची होती. बाईंच्या घरी पाहुणे आल्यामुळे तीत त्यांचे यजमान बसले होते.

"तुमची पातळी पुरुषांच्या मर्यादेत आहे," अध्यक्ष म्हणाले. "तेही चांगल्या तगड्या पुरुषांच्या."

"पातळी आहे, परिणाम काही नाही," केतकी म्हणाली. "साहेब, तुमच्या रक्तात माझ्यापेक्षा कमी असेल, तरी तुम्हाला मिशी आली. माझ्या हातावर लवसुद्धा नाही."

"बघू?" यजमान पुढे झुकले.

"बघू नका."

यजमान मागे झाले आणि बाईचा स्वभाव उग्र असल्याचं त्यांनी समोरच्या कागदावर टिपलं. हे त्यांना हार्मोनच्या बाजूचं वाटलं असावं.

"तत्त्वतः बाई म्हणतात ते बरोबर आहे," रक्तवाले डॉक्टर अध्यक्षांना म्हणाले. "ग्राहीच नाही म्हटल्यावर हे हार्मोन असून नसल्यासारखं. सर्वसाधारण बाईवर जेवढा परिणाम होतो तेवढाही यांच्यावर होत नाही. त्या हिशेबाने या इथल्या सगळ्यांत जास्त..." ते थांबले. योग्य शब्द सापडला होता, पण सरकारी इमारतीत तो उच्चारावा की नाही ते त्यांना ठरवता येईना.

"मग?" केतकीने विचारलं.

"मग काय. रक्तात किती आहे, याला नियमात रकाना आहे. ऐकतं कोण, याला रकाना नाही."

अध्यक्षांनी मार्ग काढला. शासन कोणाच्या विरोधात नव्हतं. तांबड्या दिव्याच्या बायकांसाठी शासनाने नियामक मोफत ठेवला होता. ही काडीएवढी नळी दंडाच्या कातडीखाली बसवायची. तिच्यातलं औषध मेंदूची स्मरणपत्रं थांबवतं, ग्रंथी झोपी जातात, टेस्टोस्टेरॉन खाली येतं, दिवा हिरवा होतो.

"आणि त्याच्यातून बनणारं माझं इस्ट्रोजेन?"

"तेही खाली येईल," रक्तवाले डॉक्टर म्हणाले.

"मग ते गोळीने घेऊ?"

"गोळीने घेतलं तर तुम्ही कृत्रिम ठरता," अध्यक्ष म्हणाले. "बाहेरून हार्मोन घेऊन बाईपण दाखवणं म्हणजे मतदारांची फसवणूक. नियम नऊ."

"म्हणजे आतलं बाहेरच्या औषधाने मारलं तर मी नैसर्गिक, आणि मेलेलं भरून काढलं तर कृत्रिम."

"तुम्ही फार तपशिलात जाता," अध्यक्ष म्हणाले.

डॉ. सबिहा मुजावर यांचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि टेबलावरचं रक्तदाब मोजायचं यंत्र उचलून पुन्हा तिथेच ठेवलं, जरा जोराने.

"ही घंटा जन्मात एकदाही वाजलेली नाही," त्या म्हणाल्या. "आणि ती वाजू नये म्हणून हे देऊळ पाडायला निघालेत. केतकी, तुझी हाडं म्हातारीची होतील. अंगाचा जाळ होईल, झोप जाईल. हे मी कशासाठी करू? तुझ्यात बिघडलेलं काहीच नाही. मी दुरुस्त काय करायचं?"

"करू नका," केतकी म्हणाली. "म्हणजे मी खुर्चीतून उठते. मी उठले की आबांची सून निवडून येईल, आबा बसतील, आणि त्याच संध्याकाळी ऊस पाणी प्यायला लागेल."

घरी दिगंबर म्हणाला, "एक उन्हाळा काढ. वरच्या वस्तीची नवी लाइन पक्की झाली की नळी काढून टाकू. औषधच आहे ना, विष तर नाही."

तिने नळी बसवून घेतली. काही आठवड्यांनी दिवा हिरवा झाला आणि फोनवर शासनाचा संदेश आला. "अभिनंदन. आपण महिला आहात. अभिप्राय नोंदवा."

महिला झाल्यापासून केतकीला सभेत बसवेना. बोलता बोलता अंगातून वाफ निघाल्यासारखं होई, ब्लाऊज पाठीला चिकटे, आणि समोरचे सदस्य एकमेकांना कोपर मारत. झोप गेली. झोप नाही म्हणून डोकं ठिकाणावर राहीना. ज्या बाईला टाकीपासून वस्तीपर्यंतचा प्रत्येक जोड तोंडपाठ होता, ती "ते हे, ते गोल असतं ते" असं म्हणायला लागली. गुडघे कुरकुरू लागले. हिवाळ्यात नळीची मुदत आणखी वाढवून घेतली, कारण नवी लाइन अजून कागदावरच होती. आणि एक दिवस अंगणात पाय सरकला, ती हातावर पडली, पोरासोरांनी पडून हसत उठावं इतकी साधी पडली, आणि मनगट मोडलं.

"तू पडून राहा," दिगंबर म्हणाला. "मी जाऊन येतो. नुसतं बसायचं तर आहे."

तो गेला. पहिल्या दिवशी खुर्चीशेजारी स्टुलावर बसला. मग शिपायाने चहा आणला तो खुर्चीसमोरच्या टेबलावर ठेवला, आणि चहा प्यायला म्हणून तो खुर्चीत बसला. केतकीची पट्टी घरी पलंगावर हिरवी होती, आणि सहीचा आकडा तिने त्याला सांगितला होता. सह्या उमटत होत्या. लोक त्याला दिगूभाऊ म्हणायचे ते दिगूशेठ म्हणायला लागले. माणूस वाईट नव्हता, कामाचा उरक होता, कोणाला दुखवत नव्हता. आबा रोज येऊन बसायला लागले. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "आता कसं गाव रुळावर आल्यासारखं वाटतंय." त्यांना दिगंबरबद्दल काहीच तक्रार नव्हती. त्यांना कधी बाईबद्दलही नव्हती, खुर्चीने आपलं न ऐकण्याबद्दल होती.

हे केतकीला कळलं ते सोजराबाईकडून. वरच्या वस्तीची ही सत्तरीची बाई केतकीच्या प्रचाराला उन्हात फिरली होती. ती दारात आली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"पानी बंद हाय वर," ती म्हणाली. "चार दिस झालं."

"बंद? लाइन तर..."

"लाइन पुन्हा उसाला जोडलिया. तुज्या दादल्यानं. तुज्या सहीनं." सोजराबाईने पदर खोचला. "सगळं गाव म्हनत हुतं, ती बाई न्हाई, बाप्या हाय. म्या भांडत हुते सगळ्यांसंगट. आता मशीन म्हनतंय तू बाई झालीस. झालीसच की. घरात बसलीस आन् दादल्याला धाडलंस. आबाच्या बायकूगत."

चप्पल पायात घालताना तिला बंद लावता येईना, म्हणून ती तशीच निघाली.

चारचौघांत ती दिगंबरला अहो म्हणे. घरात अरे-तुरे, बाहेर अहो, जसं सगळ्यांचं असतं. तिने कार्यालयाचं दार ढकललं तेव्हा दिगंबर खुर्चीत होता, आबा समोर होते, दोन सदस्य आणि शिपाई होते.

"ऊठ," ती म्हणाली.

पुढे गावात या प्रकरणातलं हार्मोन लोक विसरले, पण भर कार्यालयात बायको नवऱ्याला "ऊठ" म्हणाली हे कोणी विसरलं नाही.

"तू कशाला आलीस असल्या हातानं?" दिगंबर अर्धवट उठला. "तुझ्यासाठीच तर बसलोय."

"माझ्या जागेवर माझ्यासाठी बसायला मी मेलेली नाही. लाइन का जोडलीस?"

"अगं, उन्हाळ्यापुरती. ऊस वाळायला लागला होता त्यांचा. त्यांनी बाकी सगळ्याला सहकार्य..."

"वस्ती वाळली."

"वैनी," आबा मऊ आवाजात म्हणाले, "रीतसर ठराव झालाय. तुमचीच सही हाय. मोडायचा तर म्होरल्या मासिक सभेत मोडा. तोवर तब्येतीला जपा. लई गरम व्हतंय म्हनं तुमाला."

सदस्य हसले नाहीत, पण हसू आवरलेलं दिसलं. केतकीचं अंग त्याच वेळी पेटलं होतं, कानापासून पोटरीपर्यंत. हा घाम रागाचा की नळीचा, हे तिला सांगता येईना. तिला सगळ्यात जास्त चीड त्याचीच आली. तिचा राग तिचा राहिला नव्हता. आता ती ओरडली तरी लोक म्हणतील, औषधाचं आहे.

घरी दिगंबर सारखा मागे मागे फिरत होता. "चुकलो. सभेत मोडू ठराव. एवढा महिना फक्त कळ काढ. नळी काढलीस तर सभेच्या आधीच पट्टी तांबडी होईल, सही बंद होईल, सगळंच जाईल."

"महिना महिना म्हणत हाड गेलं," केतकी म्हणाली. "मी कसली कळ काढतेय ते तरी माहीत आहे का तुला? यांना बाई नको आहे रे. अंथरुणावर पडलेली बाई हवी आहे. तशी झाल्याबरोबर हिरवा दिवा लागला."



डॉ. सबिहांनी दुसऱ्या दिवशी नळी काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. हळूहळू स्मरणपत्रं सुरू झाली, ग्रंथी जाग्या झाल्या, आणि केतकी एका रात्री सलग झोपली. पुढच्या आठवड्यात पट्टी तांबडी झाली. सही बंद पडली. समितीचं बोलावणं आलं.

खुर्च्या त्याच होत्या. बाईंच्या घरी पुन्हा पाहुणे आले होते.

"वाद नको," अध्यक्ष म्हणाले. "राजीनामा द्या. कारण लिहा, घरगुती कारणास्तव. सगळ्या बायका तेच लिहितात, सुटसुटीत असतं."

"घरी काही झालेलं नाही. जे झालं ते इथं झालं."

"अहो, तुमचीच अब्रू राहील."

केतकीने प्लास्टर काढलेला हात टेबलावर ठेवला. मनगट एका बाजूला वाकडं जुळलं होतं.

"मागच्या वेळी यांना माझा हात बघायचा होता," ती यजमानांकडे न बघता म्हणाली. "बघा. तुमच्या हिरव्या दिव्याने मोडलेला आहे. तो लागायच्या आधी मी डोक्यावर सिमेंटची पोती नेत होते. अब्रूचं मी बघते. मला काढायचं तर तुम्ही काढा, आणि का काढलं ते तुमच्या सहीने लिहा."

"लिहू की," अध्यक्षांचा आवाज चढला. "कोळेकर, घ्या."

लेखनिक कोळेकर हा सरकारी मराठीत मुरलेला माणूस. या भाषेत कर्ता नसतो. सगळं आपोआप करण्यात येतं, आणि कर्ताच नसला की स्त्री की पुरुष हा प्रश्न येत नाही. "अपात्र ठरविण्यात येत आहे" हे त्याने झटक्यात टंकलं. अडलं ते नावापाशी. नावाआधी श्री. किंवा श्रीमती निवडल्याशिवाय संगणक पुढे सरकेना.

"श्रीमती टाका," अध्यक्ष म्हणाले.

कोळेकरने टाकलं आणि पडद्यावरचं वाचून दाखवलं. "श्रीमती. महिला राखीव पदास पात्र. अपात्रतेचे कारण विसंगत."

"मग श्री. टाका."

"या नावाचे श्री. निवडून आलेले नाहीत," कोळेकरने वाचलं. "साहेब, जे निवडून आले नाहीत त्यांना काढता येत नाही म्हणतंय."

"तिसरा पर्याय असतो ना?" यजमान म्हणाले. "इतर."

"त्याला त्यांचा स्वतःचा अर्ज लागतो."

"मी देणार नाही," केतकी म्हणाली. "ज्यांना तो हवा होता त्यांनी तो भांडून मिळवलाय. त्यांचा आहे. माझ्या गळ्यात बांधायला तो तुमच्या खिशात नाही."

"साहेब," कोळेकर खालच्या आवाजात म्हणाला, "श्री. टाकलं तर आणखी एक आहे. यांचं लग्न झालेलं आहे. पुरुषाशी. ते रद्द करायचे अधिकार आपल्याला नाहीत. मतदार यादी, रेशन, आधार, सगळीकडे श्रीमती आहे. आपण एकटेच श्री. म्हणणार, आणि ते सही करून म्हणणार."

"सही करून" हे शब्द ऐकताच अध्यक्ष मागे टेकले. नोकरीत त्यांनी हजारो सह्या केल्या होत्या, पण त्यांतली एकही कागदावरची पहिली सही नव्हती.

"महिला आहे असं म्हणा, नाही तर पुरुष आहे असं म्हणा," केतकी म्हणाली. "मी बसलेय."

रक्तवाल्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. शेवटी अध्यक्षांना सरकारी मराठीतले दोन सगळ्यात सुरक्षित शब्द आठवले आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"प्रकरण मार्गदर्शनार्थ मंत्रालयात पाठवा. निर्णय होईपर्यंत जैसे थे."

जैसे थे म्हणजे पद जसं होतं तसं, सहीसुद्धा. कोळेकरने पट्टीचा आणि सहीचा धागा तोडून दिला. असली प्रकरणं मंत्रालयातून परत यायला किती काळ लागतो, हे त्याने केतकीला सांगितलं नाही. ती सरपंच होती, तिला माहीत होतं.

मासिक सभेत ठराव मोडला. केतकीने दिगंबरला बोलावून घेतलं, हत्यारांच्या पिशवीसकट. टाकीखालच्या खड्ड्यात तो उतरला. वर सोजराबाई, वस्तीवरच्या बायका आणि आबांची माणसं उभी होती. बायकोने भर कार्यालयात सुनावलेल्या नवऱ्याचं तोंड दिगंबरने केलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"केतकी, हे मी एखाद्या गड्याकडून करून..."

"तू जोडलंस," ती म्हणाली. "तूच तोड."

त्याने पहिला नट सोडवला, दुसरा सोडवला. तिसरा गंजला होता, हलेना. त्याने पाना वर कडेला ठेवला आणि तेलाची बाटली शोधायला लागला. पाना आबांच्या पायाशी होता. आबांनी तो उचलून हातात धरला. मऊ आवाज आता राहिला नव्हता.

"ए, एक सांग मला," आबा म्हणाले. "सगळ्या गावाम्होरं सांग. तू बाई हाईस का बाप्या?"

केतकी खड्ड्यात उतरली. तिने धड असलेला डावा हात वर केला.

"ते मंत्रालयातून कळवतील, आबा," ती म्हणाली. "तोवर तो पाना इकडं द्या."